लोणावळा मंगळवारी कसा दिसतो?

“पुण्यात दोन खोल्यांना जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तिकडे तीन येतात म्हणे. हवा चांगली, लोकलही आहे. मग लोणावळ्यात घर घेऊन रोज ये-जा केली तर काय बिघडलं?”

हा प्रश्न मला बहुतेक वेळा सोमवारी सकाळी विचारला जातो. विचारणारा आदल्या दिवशी बायकामुलांसह भुशी धरणावर भिजून, मक्याचं कणीस खाऊन आलेला असतो आणि त्याच्या खिशात एखाद्या एजंटचं कार्ड असतं. प्रश्न चुकीचा नाही, पण तो लोणावळ्याच्या रविवाराबद्दल असतो. कुटुंब तिथं राहायला गेलं की वर्षातले बावन्न दिवस रविवारचे, उरलेले तीनशे तेरा इतर वारांचे. म्हणून या प्रकरणात आपण ऑगस्टमधल्या एका साध्या मंगळवारी लोणावळ्याला जाणार आहोत.

१. बाजार कुणाचा?

आधी स्वस्ताईचा समज तपासू. घराचा भाव विटा-सिमेंट ठरवत नाही, रांगेत उभं असलेलं गिऱ्हाईक ठरवतं. लोणावळ्याच्या रांगेत पुण्याचा पगारदार एकटा नसतो. त्याच्या पुढं मुंबईचा माणूस उभा असतो, ज्याला वर्षातून तीस-चाळीस दिवस राहायला दुसरं घर हवं आहे. तो दरी किती दिसते याचे पैसे मोजतो. शाळा किती लांब, दवाखाना रात्री उघडा असतो का, हे तो विचारत नाही. त्यामुळं ‘व्हॅली व्ह्यू’ची किंमत फुगते, आणि स्टेशनजवळचा, समोर भिंत दिसणारा, पण बाजार पायी गाठता येईल असा फ्लॅट मागं पडतो. रोज राहणाऱ्यानं शोधायचा तो हा मागं पडलेला फ्लॅट.

सोसायटी बघायला जाल तर मंगळवारी रात्री आठ वाजता जा आणि खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवे लागलेत ते मोजा. चोवीस फ्लॅटच्या इमारतीत चारच दिवे दिसले, तर तुम्ही बंद कुलपांच्या शेजारी राहायला निघाला आहात. यात नुसत्या एकटेपणाचा प्रश्न नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी काढायची तर सभेला माणसं लागतात; वीस मालक मुंबईत असले की गच्ची एक पावसाळा आणखी गळते. शिवाय त्या वीसपैकी काही फ्लॅट शनिवार-रविवारी पर्यटकांना दिले जातात. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी ‘बिनभोगवटा शुल्क’ लावू शकते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसतं. तेवढ्यानं रात्री दोनचा स्पीकर बंद होत नाही.

२. दोन तोंडांचं स्टेशन

लोणावळ्याचं स्टेशन दोन दिशांना बघतं, आणि दोन्हीकडचा प्रवास सारखा नाही. घर घेणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या तरी हे लक्षात येत नाही.

पुण्याकडं तोंड केलं की पुढं पठार आहे. 1978 पासून पुणे–लोणावळा लोकल धावते, अंतर 64 किलोमीटर. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी अशी स्टेशनं घेत ती पुण्याला पोचते. सकाळ-संध्याकाळ पासधारकांची ठरलेली जागा, ठरलेला डबा असतो. दुपारी मात्र गाड्या विरळ असतात, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार. अर्धा दिवस रजा घेऊन घरी यायचं असेल, किंवा कॉलेजातल्या मुलीचं शेवटचं लेक्चर बाराला संपत असेल, तर वेळापत्रकातला तो भाग आधी वाचा.

मुंबईकडं तोंड केलं की बोरघाट. इथं रुळांचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर चढलेली असते. आकडा लहान वाटतो, पण रेल्वेसाठी हा उभा चढ आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती धरून ठेवणार? म्हणून वर येणाऱ्या लांब गाड्यांना कर्जतला जादा इंजिनं जोडतात. मुंबईची लोकल घाट चढतच नाही. ती कर्जतला किंवा खोपोलीला संपते. लोणावळ्याहून मुंबईला रोज जायचं तर एक्स्प्रेस गाड्याच. 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन आणि तिची भावंडं: प्रगती, सिंहगड, इंटरसिटी. संध्याकाळची एक चुकली तर ‘पुढची दहा मिनिटांनी’ असं नसतं. आणि घाटात दरड आली की सगळं थांबतं. 2019 च्या पावसाळ्यात मुंबई–पुणे गाड्या ऑगस्टमध्ये कित्येक दिवस रद्द होत्या. मुंबईत नोकरी करून लोणावळ्यात राहणारी माणसं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तो सल्ला मी दुसऱ्याला देणार नाही.

आता पुण्याच्या प्रवासाचा हिशेब करू. घर ते स्टेशन 15 मिनिटं, फलाटावर 10, शिवाजीनगरपर्यंत गाडीत सव्वा तास धरा, तिथून ऑफिस 30 मिनिटं. एका बाजूनं 2 तास 10 मिनिटं, दोन्ही मिळून 4 तास 20 मिनिटं. वर्षाला कामाचे 240 दिवस धरले तर 1,040 तास होतात, म्हणजे रात्रंदिवस मोजले तर 43 दिवस. वर्षातला जवळजवळ दीड महिना तुम्ही लोकलला देणार. कुणी त्यात पुस्तकं वाचतं, कुणी भजन म्हणतं, कुणी झोपतं. तरी तो दीड महिनाच.

हाच हिशेब ऑफिस चिंचवडला स्टेशनजवळ असेल तर बराच खाली येतो, आणि तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर लोणावळ्यात राहणं अगदी शहाणपणाचं ठरू शकतं. हिंजवडीला मात्र लोणावळ्याची लोकल जात नाही; आकुर्डी-चिंचवडला उतरून पुढचा प्रवास रस्त्यानंच. शुक्रवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर आणि परतीला द्रुतगती मार्गावर काय होतं, ते एकदा स्वतः अनुभवून या.

३. पाऊस लिटरमध्ये मोजा

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात सातशे-साडेसातशे. साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये एवढा फरक कसा? अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. घाटमाथ्यावरून पूर्वेला सरकत जाल तसं आभाळाकडं देण्यासारखं कमी कमी उरतं. म्हणून कामशेतला, वडगावला, तळेगावला पाऊस उतरत्या भांजणीनं कमी होतो. घर निवडताना ही भांजणी उपयोगी पडते: दोन-तीन स्टेशनं अलीकडं घेतलेलं घर भिंतींना सोसवतं.

मिलिमीटर हा आकडा डोक्यात बसत नाही, म्हणून लिटर करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे 93 चौरस मीटर. गुणिले 4,000. उत्तर 3 लाख 72 हजार लिटर. दहा हजार लिटरचे सदतीस टँकर तुमच्या डोक्यावर ओतले जातात, आणि तेही मुख्यतः चार महिन्यांत. त्या गच्चीला एक भेग असेल तर पाणी ती शोधणारच.

जुने बंगले बांधणाऱ्यांना हे कळत होतं. उतरती मंगलोरी कौलं, भिंतीपासून लांब आलेली वळचण, उंच जोतं, समोर व्हरांडा. पागोळ्या भिंतीला न शिवता खाली पडत. नंतर सपाट स्लॅब आला, आणि त्यावर आता दर दुसऱ्या इमारतीनं लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकले आहेत. म्हणजे फिरून उतरतं छप्परच! गच्चीवर पत्रा असेल तर तो कुरूप दिसतो म्हणून नाक मुरडू नका. त्या सोसायटीत कुणीतरी जागं आहे, असं समजा.

पाऊस वरून पडतो तेवढा इथं आडवाही येतो. नैर्ऋत्येकडून झड येते तेव्हा खिडकीच्या चौकटीतून पाणी आत शिरतं. दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. एकदा मेमध्ये मला एक सुंदर फ्लॅट दाखवला होता, नुकताच रंगवलेला, भिंती अगदी गुळगुळीत. तोच फ्लॅट ऑगस्टमध्ये विकला गेला नव्हता म्हणून पुन्हा पाहिला. बेडरूमच्या कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि कपाटाच्या मागं हिरवट बुरशी होती. दाखवणारा गृहस्थ शांतपणे म्हणाला, “पावसाळ्यात सगळीकडेच असतं हो.” काही प्रमाणात ते खरंही आहे. चामड्याच्या चपला, पापड, मुलांची वह्या-पुस्तकं, सगळं मऊ पडतं. कपडे चार दिवस वाळत नाहीत. म्हणून ओल कुठून येते ते ओळखायचं. हवेतली ओल सगळ्या भिंतींवर सारखी असते, पंख्यानं आणि उन्हानं जाते. पाण्याची वाट असेल तर डाग एका जागी असतो, त्याला कडा असते आणि दरवर्षी तो थोडा मोठा होतो.

गंमत अशी, की एवढ्या पावसात भिजूनही एप्रिल-मेमध्ये गावाबाहेरच्या टेकडीवरच्या सोसायटीत टँकर येताना दिसू शकतो. आजूबाजूच्या वळवण, शिरवते यांसारख्या तलावांचं पाणी टाटांच्या योजनेतून घाटाखाली खोपोलीच्या वीजकेंद्राकडं जातं, 1915 च्या सुमारापासून. तलाव दिसतो म्हणून नळ येतो, असं नाही. पाणी कुणाचं, किती वेळ, उन्हाळ्यात टँकरचं बिल किती आलं, हे सेक्रेटरीला विचारा. त्याहून बरं म्हणजे वॉचमनला विचारा.

४. उतार

ताटात कोरड्या रेतीचा ढीग करा. तो एका ठरावीक कोनात थांबतो. त्याचा पायथा चमच्यानं थोडा उकरला की वरचा भाग घसरतो. आता वरून भरपूर पाणी ओता; आधी घट्ट राहिलेला ढीगही बसतो. डोंगरउताराचं बरंचसं शास्त्र या ताटात आहे. सह्याद्रीचा गाभा बसाल्टचा, कणखर; पण त्याच्या अंगावर झिजलेल्या खडकाची आणि मातीची जाड गोधडी असते. पाणी गोधडीत मुरतं, खालच्या खडकावर अडतं, माती जड आणि निसरडी होते. त्यातच कुणी रस्त्यासाठी किंवा प्लॉट सपाट करायला पायथा कापलेला असेल, तर गोधडी सरकते.

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. वस्तीवर दरड कोसळल्याच्या या तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या, डोंगर आधीच पाण्यानं तुडुंब भरल्यावरच्या. त्यातली इर्शाळवाडी लोणावळ्याच्या घाटाखालच्याच तालुक्यातली. लोणावळ्यातल्या सगळ्या घरांना असा धोका आहे असं मुळीच नाही. लोणावळ्याचा बराच भाग बऱ्यापैकी सपाट आहे. पण ‘हिल टच’ नावाची योजना दाखवली तर नावातला हिल नेमका कुठं टच होतो, ते बघायला हवं.

नियोजनाच्या नियमांत 1:5 हा उतार महत्त्वाचा उंबरठा मानतात. त्याचा अर्थ पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर उंची. वीस मीटर लांबीच्या प्लॉटच्या दोन टोकांत चार मीटरचा फरक, म्हणजे एका मजल्याहून जास्त. हे मोजायला इंजिनीअर लागत नाही. मोबाइलवरचं पातळी दाखवणारं साधन चालतं. त्यात साडेअकरा अंशांच्या आसपास किंवा वर दिसलं तर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

इमारतीच्या मागं संरक्षक भिंत असेल तर तिच्या पोटात पाइपांची भोकं आहेत का ते बघा. पावसाळ्यात त्यातून पाणी गळत असेल तर चांगलं लक्षण. कुकरची शिट्टी जशी वाफेला वाट देते, तशी ही भोकं भिंतीमागच्या पाण्याला वाट देतात. भिंत पावसातही कोरडी ठणठणीत आणि फुगीर दिसली, तर पाणी आत कोंडलेलं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ संकेतस्थळावर दरडप्रवण भागांचे नकाशे पाहता येतात. ते ढोबळ असतात, एकेका सोसायटीचा निकाल देत नाहीत. कुठं जास्त सावध राहायचं एवढं कळतं.

५. कागदांची साखळी

मालकी म्हणजे साखळी. आजच्या विकणाऱ्याकडं ती कुणाकडून आली, त्याच्याकडं कुणाकडून, असं मागं जायचं. वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतात. एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या कड्या लोंबकळतात.

जमिनीचा पहिला कागद सातबारा. सात नंबरचा नमुना हक्क सांगतो, बारा नंबरचा पिकं. वाचताना डोळा दोन जागी ठेवा. एक, ‘भोगवटादार वर्ग’. वर्ग-१ म्हणजे विक्रीला साधारण मोकळी जमीन. वर्ग-२ म्हणजे सरकारी परवानगीची अट असलेली. दोन, ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा बोजा, कूळ, वारस, सगळं तिथं लपून बसलेलं असतं. लोणावळ्याभोवतीच्या मावळात ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजांच्या जमिनी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनं घ्यायला 1966 च्या महसूल संहितेनुसार आधी सरकारी मंजुरी लागते. ती नसेल तर व्यवहार पुढं मोडू शकतो. घाटातल्या जमिनींना आणखी एक पदर असतो: 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याखाली ती जमीन वन म्हणून नोंदली गेली आहे का, हे वकिलाला नाव घेऊन विचारा. नौदलाच्या आय.एन.एस. शिवाजीच्या परिसरात बांधकाम असेल तर संरक्षण खात्याच्या ना-हरकतीबद्दलही विचारा.

नगरपरिषदेची हद्द कुठं संपते तेही पाहा. 2020 मध्ये राज्यानं बहुतेक शहरांना एकच विकास नियमावली लागू केली, पण लोणावळा नगरपरिषदेला तीतून वगळलं. बाजूची बरीच गावं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडं (पीएमआरडीए). त्यामुळं रस्त्याच्या अलीकडं-पलीकडं किती मजले, किती चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), याचे नियम बदलू शकतात. “शेजारी सात मजली झाली ना, मग इथंही होईल,” या वाक्यावर फ्लॅट घेऊ नका.

गुंठेवारीबद्दल एकच: शेतजमिनीचा तुकडा ‘एनए (बिगरशेती) होणार आहे’ म्हणून देत असतील, तर झाल्यावर या म्हणावं.

नव्या प्रकल्पात महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी सक्तीची आहे. तिथं मंजूर नकाशे, खटले, ताब्याची तारीख दिसते. क्षेत्रफळ चटई क्षेत्रात मोजा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. इथं बाल्कनी मोठ्या कौतुकानं विकतात. जून ते सप्टेंबर तिच्यात दोरीवरचे ओले कपडे आणि छत्र्या असतात.

६. साठ लाखांचं घर किती लाखांना पडतं?

करारात 60 लाख आहेत असं धरू. मुद्रांक शुल्क 6 टक्के धरलं तर 3 लाख 60 हजार. (ग्रामपंचायत हद्दीत दर कमी असतो; खरेदीदार फक्त स्त्री असेल तर एक टक्का सूट, म्हणजे इथं 60 हजार वाचतात.) नोंदणी फी 30 हजार. इमारत अजून बांधली जात असेल तर 5 टक्के जीएसटी, 3 लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. व्यवहार 50 लाख किंवा जास्तीचा असेल तर विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का कापून तुम्ही आयकर खात्यात भरायचा. हा जादा खर्च नव्हे, पण विसरलात तर दंड तुम्हाला.

बँक किती देते? 30 लाखांवरच्या आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे 48 लाख. उरलेले 12 लाख, मुद्रांक आणि नोंदणी मिळून 15 लाख 90 हजार तुमच्या हातात रोख तयार हवेत, जीएसटी असेल तर 18 लाख 90 हजार. 48 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे 41,650 रुपये. गुणिले 240 महिने: जवळपास एक कोटी.

आता यात लोणावळ्याचा खास खर्च मिळवा. दर दोन-तीन वर्षांनी बाहेरचा रंग, गच्चीची डागडुजी, इन्व्हर्टर, दुचाकी स्टेशनवर लावायचे पैसे, लोकलचा पास, उन्हाळ्यातला टँकर. पास सगळ्यात स्वस्त. लोक नेमका तोच मोजतात.

७. टोकन

एजंटला रविवारी संध्याकाळी टोकन हवं असतं. “दुसरी पार्टी येऊन गेली, सकाळपर्यंत थांबत नाही.” नोंदणीकृत प्रकल्पात बिल्डरला नोंदवलेल्या कराराआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हा रेराचाच नियम आहे. पण जुन्या घराच्या व्यवहारात तो लागू नाही. तिथं बयाणा किती आणि व्यवहार फिसकटला तर परत कसा, हे कागदावर लिहून घ्यावं लागतं. साठेखत म्हणजे विकण्याचं वचन, खरेदीखत म्हणजे विक्री. पहिलं झालं म्हणून घर आपलं झालं असं समजून पडदे शिवायला टाकणारी माणसं मी पाहिली आहेत.

एजंटला नम्रपणे सांगा, “मंगळवारी येतो.” सकाळी पुण्याहून पहिल्या लोकलनं या. घर बघा, मग तिथून निघून, मुलांना ज्या शाळेत घालणार त्या शाळेच्या फाटकापर्यंत पावसात चालत जा. वाटेत किराणा घ्या. दुधवाल्याला विचारा, या गल्लीत रोज किती पिशव्या लागतात. मग पुण्याला परत जा, संध्याकाळी गर्दीच्या वेळी तिथून सुटणाऱ्या लोकलनं पुन्हा वर या, बसायला जागा मिळते का बघा, आणि स्टेशनवरून रात्री त्या घरापर्यंत रिक्षा किती मागते ते ऐका. सोबत बायकोला न्या, आणि सासूबाई तुमच्याजवळ राहणार असतील तर त्यांनाही. त्या गुडघे धरून तिसरा मजला चढतील आणि वर पोचल्यावर जे बोलतील, ते एजंटसमोरच बोलू द्या.